कोपऱ्यातली कोरी टाइल

संत हुस्ता आणि संत रुफिना अंगणात उताण्या पडल्या होत्या, आणि त्यांच्या डोक्याशी खुर्ची टाकून पात्रो आत्या तळलेले मासे खात होती.

बाक बसवायच्या आदल्या दिवशी केसादांच्या अंगणात असंच चालायचं. जमिनीवर वाळू पसरायची, तिच्यावर भाजलेल्या टाइल्स एकेक करून जागच्या जागी मांडायच्या: आधी पाठीच्या, मग बैठकीच्या, मग बैठकीखालच्या पुढच्या पट्टीच्या. आणि मग घरातल्या सगळ्यांनी भोवती बसून जेवायचं. रिकाम्या पोटी माणूस ‘छान, छान’ म्हणून मोकळा होतो, पोट भरलं की खोट काढायला लागतो, असं म्हाताऱ्या रोहेलियोचं म्हणणं होतं. आजवर त्यांनी अशा जेवणांत उलटं लागलेलं कबुतर पकडलं होतं, सहा बोटांचा देवदूत पकडला होता. एकदा तर खुद्द धर्मगुरूला डावखुरा केलेला पकडला होता. तो मात्र तसाच गेला. गिऱ्हाइकाच्या लक्षात आलं नाही आणि धर्मगुरू मेलेला होता.

आज खोट फेर्मीनला सापडली. दुकान आणि गिऱ्हाइकं तो बघायचा, त्यामुळे त्याचा शर्ट घरात सगळ्यात स्वच्छ असे. तो हातात थंड सूपचा पेला घेऊन बाकाभोवती फिरत होता. पुढच्या पट्टीच्या उजव्या कोपऱ्याशी येऊन थांबला.

“इथली टाइल कुठाय?”

“फळीवर,” आंपारो म्हणाली. फेर्मीनची थोरली बहीण. तिच्या नखांतला निळा रंग तिच्या लग्नातही निघाला नव्हता.

“फळीवर काय करतेय? इतर भाजून झाल्या ना?”

“तिच्यावर अजून काही काढलेलं नाही.”

फेर्मीनने पेला खाली ठेवला. त्या कोपऱ्यात काय असतं हे सांगायची गरज नव्हती. तिथे नाव असतं. नदीअलीकडच्या या सगळ्या त्रियाना वस्तीत, चौकाचौकांतल्या बाकांच्या उजव्या कोपऱ्यात, बरोबर कुत्र्यांच्या उंचीवर, ‘आर. केसादा’ असं वळणदार लिहिलेलं असे. रोहेलियोचे हात थरथरायला लागले त्याला आता कितीतरी वर्षं झाली होती. तेव्हापासून या अंगणातून गेलेलं प्रत्येक बाक, प्रत्येक बागेतलं टेबल, प्रत्येक कारंज्याचा कठडा आंपारोने रंगवला होता. आणि शेवटी कोपऱ्यात बापाचं नावही, त्यातल्या वळणासकट, तिनेच लिहिलं होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं. बाहेर अर्ध्या वस्तीला माहीत होतं, पण कुणी बोलत नव्हतं, म्हणजे माहीत नव्हतं.

“आंपारो, आज थट्टा नको. बाक घेणाऱ्या मंडळाचा एलियोदोरो जेवणानंतर बघायला येतोय.”

“येऊ दे की. मासे उरलेत.”

“मी त्याला सांगितलंय, बाबांनी स्वतःच्या हाताने...”

“तू सांगितलंस ना? मग तूच लिही. मी माझं नाव लिहीन, नाहीतर काहीच लिहिणार नाही. बाबांचं मी पुष्कळ लिहिलं. आता माझा हात बाबांच्या नावापुरता थरथरतो.”

तेवढ्यात रोहेलियो बनियन आणि चड्डीवर घरातून बाहेर आला. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, पण पाय बघावेत तर कोंबड्याचे.

“माझ्यावरून चाललंय का?”

“तुमच्या नावावरून,” फेर्मीन म्हणाला.

“मग मी बसतो. मी मेलोय असं धरून बोला, म्हणजे खरं बोलाल.” त्याने खरबुजाची फोड उचलली आणि ती तोंडापर्यंत पोचेतो तिच्यातला रस बनियनवर सांडला.

“रोहेलियो, आत जाऊन पँट घाल,” एन्कार्ना म्हणाली. त्याची बायको. ती टेबलाच्या टोकाशी सगळ्यांची ताटं भरत होती आणि स्वतः उभ्या उभ्या चार घास खात होती. “आणि आंपारो, तू ती टाइल आण आणि लिहून टाक. चर्चच्या मंडळाच्या अंगणात बसायचंय हे बाक. सांता आनाच्या जत्रेला अख्खी वस्ती बघणार. लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, आंपारो केसादाने बाक केलं.”

“म्हणतील, म्हाताऱ्याला जिवंतपणी पुसलं.”

“पुसू दे,” म्हातारा म्हणाला. “या उकाड्यात कुणी तरी पुसायलाच हवंय.”

“मला विचाराल तर,” पात्रो आत्या काटा काढत म्हणाली, “मुलीचं नाव आलं तर काय छप्पर पडणार आहे? हात तिचे, कंबर तिची मोडली, नाव मात्र याचं. याने गेल्या कितीतरी वर्षांत स्वतःच्या हाताने फक्त पेला उचललाय. मी आंपारोच्या बाजूची.”

आत्याला हे बोलायला कारण होतं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला आंपारोने तिला तीन दुपारी खिडकीशी बसवून ठेवलं होतं. मान वर, नजर लांब, हलू नकोस. इथल्या संतांना चेहरे कुठून येतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. आत्याने तेव्हापासून पाववाल्याला, न्हाव्याला आणि कबुली ऐकणाऱ्या पाद्र्यालासुद्धा सांगून ठेवलं होतं की यंदाची रुफिना कोण ते बघाच.

फेर्मीनने मात्र आता बाह्या वर केल्या. “ठीक. मीच लिहितो. त्यात काय आहे? एवढंसं नाव.”

आंपारोने फळीवरून टाइल आणून त्याच्यापुढे ठेवली. वर नुसती कच्ची झिलई, पिठासारखी पांढरी. “या पांढऱ्यात दोनच टाइल्स बुडवल्यात. बादली संपली. नवी केली तर पांढरा जुळणार नाही.”

“एक पुरे.”

त्याने कुंचला रंगात बुडवला. भाजायच्या आधीचा निळा नुसता मळकट करडा दिसतो. पहिल्या अक्षराची उभी रेघ बरी आली. मग पुढचं वळण कुठून घ्यायचं असा तो क्षणभर विचार करत राहिला, आणि कच्च्या झिलईवर विचार करायची सोय नसते. ती रंग पिते. कुंचला टेकला तिथे डाग फुगत गेला, फेर्मीनने तो बोटाने पुसायला घेतला आणि झिलईच निघाली. खालची तांबडी माती दिसायला लागली.

“छान,” रोहेलियो म्हणाला. “आर कसला, ही तर गाभण शेळी.”

आत्या हसता हसता उठली. एवीतेवी उठलीच आहे तर संतांकडे नीट बघावं म्हणून तिने चष्मा लावला आणि कमरेवर हात ठेवून वाकली. आधी हुस्ताकडे पाहिलं. मग रुफिनाकडे. मग परत रुफिनाकडे.

“ही मासेवालीची पोरगी आहे.”

फेर्मीनने कुंचला खाली ठेवला.

“आंपारो, ही मासेवालीची पोरगी आहे! जिने मला शिळी कोळंबी विकली!”

“तिचा गळा छान आहे, आत्या.”

“आणि मी? मला तीन दुपारी कशाला बसवलं होतंस? मान अवघडली माझी!”

आंपारो सूप पीत राहिली. आत्याने शोधायला सुरुवात केली. हुस्ता झाली, रुफिना झाली, मधला मनोरा झाला, पायाशी मांडलेली मडकी झाली. मग तिची नजर खाली उतरली, पुढच्या पट्टीवर, जिथे बसणाऱ्याच्या टाचा आपटतात. तिथे तो सिंह होता. रुफिनाला खायला सोडलेला आणि न खाताच तिच्या पायाशी लोळण घेतलेला. मान वर. नजर लांब. आणि मिशा.

“हा सिंह...”

“अतिशय थोर सिंह आहे,” आंपारो घाईने म्हणाली. “अख्ख्या चित्रात चांगलं मन एवढ्या एकाचंच आहे.”

“याला मिशा आहेत!”

“सिंहांना असतात.”

“या माझ्या आहेत!”

रोहेलियोला ठसका लागला. एन्कार्नाने त्याच्या पाठीत जरा जोरातच थापट्या मारल्या, कारण हसू तिलाही आवरत नव्हतं.

पात्रो आत्याने खुर्ची उचलली आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला फेर्मीनशेजारी नेऊन ठेवली. “बापाचंच नाव घाला. या पोरीचं नाव संडासाच्या दारावरसुद्धा नको. लोकांच्या टाचा माझ्या तोंडावर! बाकाला नियम आहे आपल्या घरात, बैठकीवर चेहरा काढायचा नाही, संताच्या तोंडावर कुणी ढुंगण टेकू नये. आणि आत्याच्या तोंडावर बूट चालतात?”

“मग आता तिघं झालो,” फेर्मीन म्हणाला. “मी, आई, आत्या.”

“मला कुणाच्या बाजूला धरू नकोस,” एन्कार्ना म्हणाली. पण ती म्हणताना बाकाकडे बघत होती. हुस्ताकडे. मघापासून तिला वाटत होतं की हा चेहरा आपण कुठे तरी पाहिला आहे, आणि आता कळलं, की स्वतःच्याच लग्नाच्या फोटोत. वीस वर्षांची, गालाची हाडं वर, ओठ जरासे रागावलेले. तिने पदराला, म्हणजे पोटावर बांधलेल्या फडक्याला, हात पुसले.

“नाक मोठं काढलंयस,” एवढंच ती म्हणाली.

“नाक तेवढंच होतं,” रोहेलियो म्हणाला. “मी आधी नाकाच्याच प्रेमात पडलो.”

“आईला संत केलं, मला जनावर!” आत्या काही थांबेना. “का नाही करणार? चेहरे काढायची अक्कल आईकडूनच आलीय ना! या बापाकडून काय येणार होतं? याने जन्मात एक धड चेहरा काढलाय का? विचारा की! विचारा आईला, ते जुने सगळे चेहरे कुणी...”

“पात्रो!” एन्कार्ना ओरडली.

आत्याने तोंडावर हात ठेवला. फार उशीर झाला होता.

फेर्मीन आईकडे बघत राहिला. आंपारो बापाकडे. बापाने बनियनला हात पुसले.

“खरंय,” तो म्हणाला. “पानं मी काढत होतो. फुलं, मडकी, घोडे, जहाजं. जहाजं फार चांगली काढायचो. पण चेहरा काढला की उकडलेला बटाटा व्हायचा. माझ्या पहिल्या मेरीला बघून एक म्हातारी म्हणाली, बाईला गालगुंड झालंय का? तेव्हापासून चेहऱ्याची जागा कोरी ठेवून टाइल्स मी स्वैपाकघरात न्यायचो.”

“आणि नाव?” आंपारोने विचारलं.

“नाव मला चांगलं काढता यायचं.”

एन्कार्ना खाली बसली. आज पहिल्यांदाच बसली. ओट्यावर एका बाजूला तेल तापलेलं, दुसऱ्या बाजूला कोरे चेहरे, असे तिचे कितीतरी दिवस गेले होते. बटाटे तळताना कुंचला कानावर खोचायचा, बटाटे काढून तो कानावरून उतरवायचा. लोक दुकानात रोहेलियोचा हात हातात घेऊन ‘काय हात आहे!’ म्हणायचे आणि ती आतून ऐकायची. मुलांपासून तिने हे का लपवलं ते तिला सांगता आलं नसतं. पोरं मोठी झाली तोवर आंपारो स्वतःच चेहरे काढायला लागली होती, आणि तिला कुणी शिकवलं नव्हतं. तेच एन्कार्नाला फार लागलं होतं.

“आई, मग तू आज माझ्याविरुद्ध का?”

“का म्हणजे? मी नावावाचून केलं. मेले का?”

“मेली नाहीस,” आंपारो म्हणाली. “पण इतकी वर्षं घरात कुणी ‘बाबांचा हात’ म्हटलं की तू भांडी आपटतेस. मला वाटायचं, तुला आमचं कामच आवडत नाही.”

एन्कार्नाने सुरी घेतली आणि खरबूज कापायला सुरुवात केली. कुणालाच आणखी खरबूज नको होतं.

दारावरची घंटा वाजली. फेर्मीनने बाह्या खाली केल्या, केसांवरून हात फिरवला आणि सगळ्यांकडे असं पाहिलं की जणू अंगणातल्या सगळ्यांवर खुनाचा आळ आहे. “एक शब्द बोलू नका. कोपरा उद्यापर्यंत होईल म्हणून सांगतो.”

एलियोदोरो आत आला. मंडळाचा प्रमुख, गळ्यात पदक, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. सगळ्यांची विचारपूस करून, मासे नको नको म्हणत चार खाऊन, तो वाळूपाशी गेला आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकला.

“अरे वा. वा, रोहेलियो! लेका, चेहरे काढावेत तर तू!”

रोहेलियोने खरबुजाकडे बघितलं.

“हुस्ताची नजर बघा. आणि हा सिंह! याला मी कुठे तरी पाहिलाय.” आत्याने चेहरा भिंतीकडे फिरवला. “पण खरं सांगू? आमच्या जुन्या बाकावरची ती मेरी, तिची सर कशाला नाही. ते मिटत आलेले डोळे! माझ्या बायकोला मी लग्नाचं तिथेच विचारलं, त्या मेरीखाली. काय दुःख आहे त्या पापण्यांत! पाद्री परवा म्हणाले, अशी पापणी काढायला माणसाने आत काही तरी सोसलेलं असावं लागतं. काय सोसलं होतंस रे तेव्हा?”

सुरी थांबली.

“दात,” एन्कार्ना म्हणाली.

“काय?”

“या फेर्मीनला दात येत होते. तीन रात्री झोपला नव्हता आणि मलाही झोपू दिलं नव्हतं. माझेच डोळे मिटत होते. तिचे उघडे काढायची ताकद नव्हती, म्हणून मिटत आलेले काढले. दुःखबिःख काही नाही.”

फेर्मीनने डोळे घट्ट मिटून घेतले, त्या मेरीपेक्षाही घट्ट.

एलियोदोरो एकदा एन्कार्नाकडे, एकदा रोहेलियोकडे बघत सरळ उभा राहिला. “म्हणजे ती...”

“ती माझी. तिकडचे सगळे चेहरे माझे. हे आंपारोचे. इतकी वर्षं जे काही नेलंत ते आंपारोचं.”

“पण आम्ही मंडळात सांगितलंय, रोहेलियोचं बाक येतंय म्हणून! जत्रेच्या पत्रकात छापलंय!”

“रोहेलियोचं हवं असेल तर मी काढून देतो,” रोहेलियो म्हणाला. “बटाटे मिळतील. दोन. मधे मनोरा.”

“मला हे सभेपुढे ठेवावं लागेल,” एलियोदोरो म्हणाला. त्याचा आवाज आता पदकाच्या मागून आल्यासारखा येत होता. “सभा काय म्हणेल सांगता येत नाही. नको म्हणूही शकतील. फेर्मीन, तू माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं होतंस.”

फेर्मीनने शर्टाचं बटण लावलं. एन्कार्नाने सुरी खाली ठेवली.

“ठेवा की सभेपुढे. आणि सभेने नको म्हटलं तर बाक इथेच, या भिंतीला बसेल. आमच्याकडे ढुंगणं आहेत.”

तो गेला. दार लागलं.

“गेलं बाक,” फेर्मीन म्हणाला.

“बहुतेक,” आंपारो म्हणाली. तिने आईकडे पाहिलं. आई पुन्हा उभी राहिली होती आणि ताटं एकात एक घालत होती.

“बघतेस काय?” एन्कार्ना म्हणाली. “ती दुसरी टाइल आण आणि लिही. भट्टी काय तुझी वाट बघत बसणार आहे?”

आंपारोने टाइल आणली आणि टेबलावर जागा केली. फेर्मीनने, कुणी न सांगता, उष्टे पेले बाजूला सरकवले आणि टेबल हलू नये म्हणून त्याचा आखूड पाय बुटाने दाबून धरला. आत्यासुद्धा खुर्ची जराशी जवळ घेऊन आली, पण रागावलेलीच, हे सगळ्यांना दिसावं अशा बेताने.

आंपारोने कुंचला बुडवला, निथळला, आणि एका दमात लिहिलं. कुठे थांबली नाही. मग हात उचलला आणि सगळे वाकले.

‘आंपारो के. मोरान.’

“के?” फेर्मीन म्हणाला. “केसादा नुसतं के? बाबांना एका अक्षरात कोंबलंस?”

“जागा नव्हती.”

अर्धी टाइल रिकामी होती. इथे बापाच्या आडनावापुढे आईचं माहेरचं आडनाव सगळ्यांच्याच नावाला असतं, पण ते पाठ करायचं आणि कागदांवर टाकायचं. बोलताना, दुकानावर, बाकावर ते कुणी आणत नाही. मोरान हे नाव एन्कार्नाने आजवर दगडात कोरलेलं एकाच ठिकाणी पाहिलं होतं, ते बापाच्या थडग्यावर.

रोहेलियोने मान तिरकी करून बघितलं. त्याचा हात टेबलावर थरथरत होता, म्हणून त्याने तो मांडीखाली घेतला.

“के पुढे टिंब आहे ना?”

“आहे, बाबा.”

“मग पुरे. मी टिंबात मावतो.”

आंपारो टाइल उचलायला वाकली तशी एन्कार्नाने तिच्या हातावर चापट मारली. मग स्वतः दोन्ही तळव्यांच्या कडांत, झिलईला बोट लागू न देता, ती टाइल उचलली आणि भट्टीकडे चालायला लागली, पाण्याने काठोकाठ भरलेलं भांडं न्यावं तशी.

“सरका,” ती म्हणाली. “पायात येऊ नका कुणी.”